कर्मचाऱ्याचं नाव

माझ्या एका तक्रारीमुळे एका बाईंची नोकरी गेली. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःसाठी सबबी शोधत बसेन, आणि त्या मला सापडतीलही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांत दोष निघाला की तो का निघाला हे पुरवठादाराकडून लेखी घ्यायचं, हे माझं काम. वीसेक वर्षं तेच करतोय. नव्याने लागलेल्यांना ट्रेनिंगही मीच देतो आणि पहिल्या दिवशी फळ्यावर पहिली ओळ लिहितो: दोषाच्या अहवालात माणसाचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की शोध तिथेच थांबतो. माणूस बदलला जातो, दोष तसाच राहतो.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. थेरगावात आमच्याजवळच राहतात. रोज संध्याकाळी विहारात जातात. वंदना, सुत्तं सगळं तोंडपाठ. पंचाहत्तरी उलटल्यावर एक दिवस जेवताना म्हणाले, "जन्मभर म्हणत आलो. पण एकेक शब्द कळतो असं नाही. आता कळून घ्यायचंय." त्यांना पाली-मराठी शब्दकोश हवा होता. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, दुसरा सांभाळून वापरा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे घरपोच मागवायला ते तयार नव्हते. "अक्षर केवढं आहे ते आधी बघीन. वाचता आलं तर घेऊ."

पुण्यातल्या एखाद्या जुन्या दुकानात गेलो असतो तर तासाभरात काम झालं असतं. पण रविवारी तिथे गाडी कुठे लावायची, हा माझा विचार. म्हणून मी वाकडच्या मॉलमध्ये गेलो. तिथे एका मोठ्या साखळीचं पुस्तकांचं दुकान आहे. शिरल्याशिरल्या खेळणी, पाण्याच्या बाटल्या, सुगंधी मेणबत्त्या. पुस्तकं त्यामागे. मराठी पुस्तकं सगळ्यात शेवटी, खांबाआडच्या एका कपाटात. कपाटावर पाटी: प्रादेशिक.

तिथे त्या बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, दुकानाचा निळा टीशर्ट, चष्म्याला दोरी, छातीवर नावाची पट्टी. मराठी पुस्तकांतलं कळणारी दुकानात ती एकच व्यक्ती होती. कॉम्प्युटरवर एक प्रत दिसत होती. त्यांनी गुडघ्यावर बसून खालचा सगळा कप्पा उपसला, पण ती मिळाली नाही.

"मशीन म्हणतंय आहे, कपाट म्हणतंय नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हे रोजचंच आहे दादा. मी दुसऱ्या शाखेतून मागवते. आलं की बाबांनाच घेऊन या. अक्षर त्यांना बघायचंय, तुम्हाला नाही."

फोन नंबर मागितला तेव्हा मी बाबांचा दिला. आम्हाला कामाच्या जागी फोन नेता येत नाही.

पुढच्या रविवारी मी सहज डोकावलो. त्यांची सुट्टी होती. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "त्या ऑर्डरचं मॅडमलाच माहीत." त्यानंतर दोन आठवड्यांनी बाबांच्या फोनवर संदेश आला की तुमची ऑर्डर तयार आहे. मी बाबांना घेऊन गेलो. लिफ्ट बंद होती. सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी बाबा बराच वेळ पाय उचलून पुन्हा मागे घेत उभे राहिले. मागे रांग लागली. शेवटी मी त्यांना जवळजवळ उचलूनच वर नेलं.

त्या दिवशीही बाई नव्हत्या. मॅनेजरने पाकीट दिलं. बाबांनी खेळण्यांजवळच्या स्टुलावर बसून आतलं पुस्तक डोळ्याजवळ धरलं, पुढे केलं, पुन्हा जवळ घेतलं.

"हा इंग्रजी-मराठी आहे रे. शाळेतल्या पोरांचा."

"सर, सिस्टीममध्ये डिक्शनरीच दिसतेय," मॅनेजर म्हणाला. "पाकिटावरची चिठ्ठी बघा. मॅडमच्याच नावाने बुकिंग आहे. त्यांनी चुकीची मागवली असणार."

बाबा म्हणाले, "जाऊ दे, चल." मी चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मी त्या दुकानाच्या वेबसाइटवर तक्रार भरली. बंद लिफ्ट, प्रादेशिकची पाटी, स्टुलावर बसलेले बाबा, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण तक्रारीत त्यातलं काहीच आलं नाही. शेवटी एक रकाना होता: कर्मचाऱ्याचं नाव. त्यापुढे लिहिलं होतं, ऐच्छिक. मी चिठ्ठी काढली, बघून नाव लिहिलं, आडनावासकट. पुढे 'निष्काळजी' हा शब्दही लिहिला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

चार दिवसांनी उत्तर आलं, योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. मी ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "काय राव, पुस्तकवाल्यांनाही रिजेक्शन दिलंस!" आम्ही हसलो. मी हसलो, हेही लिहायला हवं.

त्याच शनिवारी घरी आलो तर बाबा गच्चीत अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते.

"त्या दुकानातल्या ताईंचा फोन आलेला," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"मधे दोनदा आलेला की. मी त्यांना शब्द विचारायचो, त्या कुठूनतरी बघून सांगायच्या. आज माफी मागत होत्या. कोश आलेला म्हणे. माझ्यासाठी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलेला त्यांनी. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी परतीच्या मालात गेला. नंतर ऑर्डर पूर्ण दाखवायची म्हणून कुणीतरी दुसरंच पुस्तक त्यांच्या चिठ्ठीच्या पाकिटात घातलं." बाबा थांबले. "काढून टाकलं त्यांना. कुणीतरी नाव घालून तक्रार केली म्हणे. कोण असेल हरामखोर?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"आमच्या खात्यात कुणी असं करत नसे," बाबा म्हणाले. "चूक झाली की पाळीतले सगळे म्हणायचे, आमची चूक. साहेबाला नाव मिळायचं नाही."

"बाबा, ती तक्रार मी केली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिसणाऱ्या डोळ्याने पाहिलं की न दिसणाऱ्या, मला ठरवता आलं नाही. मग म्हणाले, "माझ्या पुस्तकासाठी केलीस?" मी हो म्हणालो. "मग ते पुस्तक मला नको," एवढं बोलून ते खाली गेले.

रविवारी मी मॅनेजरकडे गेलो. तक्रार मागे घ्यायची आहे, म्हणालो. त्याने कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. "सर, तुमची केस क्लोज झालीये. समाधानी ग्राहक म्हणून."

"मी समाधानी नाही."

"मग नवीन तक्रार करा ना सर," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तोच मार्ग माहीत होता. "त्यांची चूक नव्हती हे तुम्हाला माहीत होतं का?" असं मी विचारलं. तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "वरून नाव आलं सर. नाव आल्यावर मी काय करणार?"

बाईंचा नंबर बाबांकडे होता. फोन केला. मी कोण ते सांगितलं, काय केलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "डांगे चौकात या. संध्याकाळी मी भाजीला येते."

त्या पिशवी घेऊन आल्या. मी माफी मागितली. बोलताना हात जोडले. त्या म्हणाल्या, "इथे नका हो दादा. लोक बघतात. त्यांना वाटेल मीच तुम्हाला काही बोलले." मग म्हणाल्या, "निघोज्याला एका कंपनीत पॅकिंगला माणसं घेतायत. आधीचं काम का सोडलं ते विचारतील. तुम्ही एक पत्र लिहून द्या, चूक माझी नव्हती म्हणून. खाली तुमचा हुद्दा लिहा. हुद्द्याला मानतात."

बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद घेतला. रोज लेखी कारणं मागणारा मी, चार ओळी लिहायला तीन कागद फाडले. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं.

"संबंधित कर्मचारी काय लिहिलंय? माझं नाव लिहा. तेव्हा लिहिलं होतं ना."

मी नाव लिहिलं.

पंधरा दिवसांनी मीच फोन केला. काम मिळालं होतं. बारा तास उभं राहायचं, खोक्यांवर पट्ट्या चिकटवायच्या. मी विचारलं, "पत्र चाललं का?"

"लागलंच नाही. त्यांनी विचारलंही नाही काही. हात बघितले, उंची बघितली, घेतलं."

मला वाईट वाटलं, आणि लगेच माझीच लाज वाटली. त्यांना काम मिळाल्याचं बरं वाटण्याआधी, माझं पत्र वाया गेल्याचं वाईट वाटलं होतं. म्हणजे ते पत्र मी कुणासाठी लिहिलं होतं, हे कळून चुकलं.

"तुम्हाला तिथे परत जायला आवडेल का?" मी विचारलं. "मी वरच्या ऑफिसला लिहितो. सगळं लिहितो."

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासाठी म्हणून नको. मी आता नाही जाणार. तिथे परत उभी राहिले तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनकडेच बघत बसेन." मागे मशीनचा आवाज येत होता, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "काम वाईट नाही हो इथलं. खोक्यात काय आहे ते फक्त कळत नाही. पुस्तकं कळायची मला."

त्यांनी फोन ठेवला. वरच्या ऑफिसला मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा आभाराचं उत्तर आलं, मग काहीच नाही. बाबा अजून संध्याकाळी विहारात जातात आणि न कळणारे शब्दही पूर्वीसारखेच, न अडखळता म्हणतात. कोश आणू का, असं मी पुन्हा विचारलेलं नाही. आणि त्यांनीही बाईंना शब्द विचारायला फोन केलेला नाही. म्हणतात, "बारा तास उभी राहून येते ती. कशाला त्रास द्यायचा."