भरडा की घुगऱ्या

माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप आमच्या गोठ्यात खिळ्याला टांगलेली आहे. ब्लाउजचं माप घ्यायला ती आता काही उपयोगाची नाही, तिला शेणाचा आणि मक्याचा वास कायमचा लागलाय. नवीन आणायची असं दर महिन्याला ठरवते आणि विसरते.

मी कोथरूडची. आमच्या सोसायटीत मांजर पाळायचं तरी कमिटीची परवानगी लागायची, आणि ती मिळायची नाही. लग्न होऊन धायरीत आले तर घराच्या एका अंगाला उंच इमारत, दुसऱ्या अंगाला क्लासची पाटी आणि मधोमध गोठा. मक्याशी माझी ओळख सिंहगडावर लिंबू-तिखट चोळून मिळणाऱ्या कणसापुरती होती. बैलाला मका घालतात, आणि तो कसा घालायचा यावरून नवरा-बायको आठवडाभर अबोला धरू शकतात, हे ज्ञान मला सासरी आल्यावर झालं.

आता भांडणाचं मूळ सांगते. चैत्रात गावच्या देवाची जत्रा असते आणि पहिला नैवेद्य आमच्या घरचा. तो बैलगाडीतून जातो. सासरे पुढे कासरा धरून चालतात, सासूबाई नैवेद्याचं ताट मांडीवर घेऊन गाडीत बसतात. गाव शहरात गेलं, शेतांवर इमारती आल्या, तरी एवढं एक राहिलं होतं. मग आमच्या म्हाताऱ्या जोडीतला एक बैल गेला, त्याच्या मागोमाग दुसराही गेला, आणि त्या वर्षी नैवेद्य टेंपोतून न्यावा लागला. सासरे टेंपोत बसले नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, तरी धूर खात मागून चालत गेले, घरी आले आणि न जेवता झोपले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एरवी हसतमुख असलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला मला बघवेना.

जत्रा कमिटीला मात्र टेंपो भलताच आवडला. वेळेत येतो, वेळेत जातो, रस्त्यात शेण टाकत नाही. दरवर्षी हाच ठेवू म्हणाले. तेव्हा सासऱ्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "पुढल्या जत्रेला जोडी जुपून दावतो. न्हाई जमलं, तर गोठा मोडतो आन् तिथं गाड्या लावू." शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्यासाठी होतं. त्याचा पार्किंगसाठी गोठ्यावर केव्हापासून डोळा होता.

दिवाळीनंतर बाजारातून दोन खोंड आले. पांढरे, एका उंचीचे, शिंगांचं वळणही एकसारखं. सासऱ्यांनी अख्खा बाजार पालथा घालून ती जोडी जुळवली होती. शिकवलेले होते, स्वभावानं गरीब होते, फक्त अंगावर मांस नव्हतं. बरगड्या दिसत होत्या. जत्रेपर्यंत त्यांना अंगानं भरदार करायचं होतं, म्हणून मार्केट यार्डातून मक्याची पोती आली.

सासऱ्यांनी पहिल्या दिवशी गव्हाणीत अख्खा कोरडा मका ओतला. त्यांचे वडील तसाच घालायचे म्हणे. दोन दिवसांनी गोठ्यात कबुतरांची झुंबड उडाली. शेणात अख्खे दाणे पडले होते, जसे गेले तसे आले होते. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अवो, खोंडं बांधलीत का कबुतरं? कुणाला पोसायचं ते एकदा सांगा, म्हंजी तसा सैपाक करते."

मग सासरे भरड्यावर आले. मका जाडसर भरडायचा आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यायचा. जवळच्या गिरणीत पाटी होती, 'येथे फक्त माणसांचे दळण दळले जाईल. वाद घालू नये.' त्यांनी वाद घातला. शेवटी लांबच्या गिरणीत स्कूटरवरून पोतं नेऊ लागले. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. मका रात्री भिजत घालायचा, सकाळी चुलीवर मीठ टाकून शिजवायचा आणि कोमट घुगऱ्या करून घालायच्या. त्यांच्या माहेरी असंच करायचे. "कच्चा पचत न्हाई, मानसाला न्हाई आन् जनावराला बी न्हाई," असं त्या म्हणत. सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "बैल हाय त्यो. पावना न्हाई घरी आलेला."

ही कटकट थांबावी म्हणून मीच तोडगा काढला. डावा खोंड बाबांचा, त्याला भरडा. उजवा आईंचा, त्याला घुगऱ्या. मका दोघांना सारखाच मोजून. दर रविवारी मी टेपनं छातीचा घेर मोजणार. मला वाटलं, किती शास्त्रशुद्ध आहे हे! ऑफिसात आम्ही असंच करतो, दोन पद्धती शेजारी ठेवतो आणि बघतो. दोघंही इतक्या पटकन हो म्हणाले की तिथेच मला शंका यायला हवी होती.

तो हिवाळा मला फार आवडला. सकाळी उठावं तर चुलीचा धूर, शिजत्या मक्याचा गोडसर वास, आणि सासूबाई पातेल्यात बोट घालून कोमट झालं का बघतायत. उजवा खोंड त्यांच्या बांगड्या वाजल्या की हंबरायचा. त्या त्याला एकेक मूठ हातानं भरवायच्या आणि वर त्याच्याशी सासऱ्यांची चहाडी करायच्या. पलीकडे सासरे चाळण घेऊन भरडा चाळत बसलेले, तोंडानं काही बोलत नाहीत, पण कान सगळे इकडे. लग्नाला एवढी वर्षं झालेली ही माणसं एरवी 'जेवला का' आणि 'गोळी घेतली का' यापलीकडे बोलायची नाहीत. आता दिवसभर टोमणे चालायचे. माझ्या आईवडिलांना फोनवर मी रोजचा स्कोअर सांगायचे.

सुरुवातीला भरडा पुढे होता. मग घुगऱ्यांनी गाठलं. ते पाहून सासऱ्यांना राहवेना. त्यांनी कुणाला न सांगता मका बारीक दळून आणला, जवळजवळ पीठच, म्हणजे लवकर अंगी लागेल. दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या खोंडाची कूस ढोलासारखी फुगली. सासऱ्यांनी डॉक्टरांना फोन लावला. सासूबाईंनी गोडेतेल पाजलं, दावं सोडलं आणि डॉक्टर येईपर्यंत त्याला शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये फिरवत राहिल्या. वॉचमन काही बोलायला पुढे आला, पण त्यांचा चेहरा बघून मागे सरला. डॉक्टर म्हणाले, फार बारीक दळला की असं होतं. खोंड वाचला. पण पुढे कितीतरी दिवस त्यानं खाण्याला तोंड लावलं नाही आणि कमावलेलं सगळं उतरलं.

उजवा तोवर असा काही भरला की अंगावरून नजर हटेना. सासूबाई जिंकल्या. त्यांनी पुरणपोळी केली आणि सासऱ्यांना मुद्दाम दोन जास्त वाढल्या.

जत्रेला महिना राहिला तेव्हा सासऱ्यांनी माळ्यावरून जू काढलं आणि दोघांच्या खांद्यावर ठेवून पाहिलं. जू एका बाजूला कललं. उजवा थोराड दिसत होता आणि डावा त्याच्या शेजारी धाकट्या भावासारखा. दोन पावलं टाकली तर उजवा पुढे, डावा ओढत मागे. सासऱ्यांनी जू उतरवलं, पायरीवर बसले आणि म्हणाले, "बैल दोन झाले. जोडी कुटं हाय?"

जोडी सारखी असावी म्हणून हा माणूस अख्खा बाजार फिरला होता, आणि आम्ही तिघांनी मिळून ती चार महिने रोज, नेमानं, मापं घेऊन मोडली होती. करायला गेलो गणपती आणि झालं माकड. टेप माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पातेलं उचललं आणि सरळ डाव्याकडे गेल्या. उजव्याला नुसता कडबा. तो बांगड्या ऐकून हंबरायला लागला, दाव्याला हिसके द्यायला लागला. त्या वळल्या नाहीत. स्वयंपाकघरात आल्या आणि कांदा चिरायला घेतला. भाजी भेंडीची होती, आणि आमच्याकडे भेंडीत कांदा घालत नाहीत.

त्या दिवसानंतर पैज संपली. सासऱ्यांनी भरडा आणायचा, जाडच, आणि तो सासूबाईंनी शिजवायचा. मऊ, पाचक, आणि शेणात दाणा नाही. दोघांचंही म्हणणं निम्मं खरं होतं, पण हे म्हणायची हिंमत मी केली नाही. डाव्याला जास्त, उजव्याला चवीपुरता. भरवायच्या मात्र सासूबाईच, दोघांनाही, हातानं.

जत्रेच्या दिवशी फरक दोन बोटांवर आला होता. सासऱ्यांनी जू मधोमध न बांधता डाव्याकडे जरा सरकवून बांधलं, म्हणजे डाव्याच्या बाजूचा दांडा लांब झाला आणि त्याच्यावरचा भार हलका. कमिटीनं खबरदारी म्हणून टेंपो मागे उभा केलाच होता, ड्रायव्हर आत बसून मोबाईल बघत होता. सासूबाई हिरवी नऊवारी नेसून, ताट मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. सासऱ्यांनी कासरा धरला आणि "चल" म्हणाले.

दोन्ही खोंडांनी माना वळवल्या आणि मागे बघितलं. रोज भरवणारा हात गाडीत बसला होता, मग पुढे कशाला जायचं? सासऱ्यांनी चुचकारलं, ओढलं, पाठीवर थाप मारली. ते जागचे हलेनात. मागे दुचाक्या तुंबल्या, हॉर्न वाजू लागले. टेंपोवाल्यानं मोबाईल ठेवून इंजिन चालू केलं. तो आवाज ऐकून सासऱ्यांचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी भिंतीकडे वळलेला तोच चेहरा.

मग त्यांनी एकदा खोंडांकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे, आणि म्हणाले, "उतर."

मानाच्या गाडीपुढे बाई कधी चालली नव्हती. कमिटीतले एक जण पुढे आले, "अहो, असं कसं चालेल? आपली रीत काय आहे?" सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मका तिनं शिजवलाय. तीच चालंल पुढं," म्हणाले, कासरा सासूबाईंच्या हातात दिला आणि दुखरे गुडघे आवरत स्वतः गाडीत चढले. नैवेद्याचं ताट मांडीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा घेत असावेत, कारण ते कसं धरायचं हेच त्यांना कळत नव्हतं.

सासूबाईंनी पदर खोचला आणि बांगड्या वाजवल्या. जोडी एका पावलानं निघाली. मी बाजूनं चालत होते आणि रडत होते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती. देवळापर्यंत सासूबाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. फक्त वळणावर मोठ्यानं विचारलं, "अवो, ताट सांडलं न्हाई न्हवं?"

"न्हाई," सासरे गाडीतून म्हणाले. "तू चाल."

टेंपो आमच्या मागून देवळापर्यंत रिकामाच आला.