पाणमांजरांचा त्रास

माझी आत्या मासे पाळायची. घरामागे दोन तळी, त्यांच्या पलीकडे दलदल आणि दलदलीत पाणमांजरं. आत्या त्यांना 'मिशाळ मेले' म्हणायची. अधूनमधून एखादं बांध ओलांडून यायचं, चार-दोन मासे फस्त करायचं आणि आत्याच्या शिव्या खाऊन परत जायचं.

गोदामांसाठी दलदल बुजवायचं ठरलं, तेव्हा शेजारच्यांची संमती हवी होती. सगळे कुरकुरत बसलेले. आत्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"पाणीच नसेल तर मेली राहतील कशाला? जातील दुसरीकडे."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सभेत कुणीच विचारलं नाही.

डंपर आले, मुरूम पडला, लव्हाळी गाडली गेली. आणि होती नव्हती तेवढी पाणमांजरं आत्याच्या तळ्यांवर आली, कारण आसपास पाणी उरलं होतं ते तेवढंच. मासे तर गेलेच, पण जागेवरून त्यांची आपसातही जुंपायची. हरलेली रस्त्यावर जायची आणि गाड्यांखाली यायची. लोक म्हणत, "केवढी वाढलीत बघा!" वाढली डोंबलाची! रोज कमीच होत होती; फक्त आता दिसत होती.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तळी रिकामी झाली तर घर चालणार कशावर? शेवटी आतोबांनी बांधावर तार ओढली. तरी बटणापाशी ते घुटमळले.

"सोडा वीज," आत्या म्हणाली.

सकाळी तारेपाशी एक मादी मरून पडलेली. बरगड्या वर आलेल्या, पण आचळं दुधाने भरलेली. आत्या वेड्यासारखी पिल्लं शोधत सुटली.

गोदामाच्या कडेला टाकलेल्या दगडांच्या ढिगातून शिट्टीसारखे बारीक आवाज येत होते. बीळ बुजल्यावर मादीने पिल्लं तिथे हलवली असणार. आम्ही हाताने दगड उपसले, पण खालचे धोंडे जागचे हलेनात. आत्या गोदामाच्या कामावरच्या मुकादमापुढे हात जोडून उभी राहिली, घटकाभर मशीन द्या म्हणाली.

"मांजरांसाठी?" तो हसला.

संध्याकाळपर्यंत आवाज थांबले.

पुढे नगरपालिकेचा माणूस चौकशीला आला. तळी पुन्हा माशांनी भरली होती. "काय ताई, मिटला ना पाणमांजरांचा त्रास?"

"मिटला नाही, मी मिटवला," आत्या म्हणाली. "आणि तिला पिल्लं असतील, हे बाई असून माझ्या मनातसुद्धा आलं नाही हो."