कपाच्या बुडाचं टिंब

मॅडमनी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. धुतला नाही, विसळला नाही. टाकला. त्यात अर्धा चहा होता आणि तो चहा मी पीत होते.

"अगं, हा माझा कप. बुडाला टिंब बघत जा म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

मी म्हणलं, "घाईत चुकून घेतला, मॅडम."

"असू दे, असू दे. आता टाकलाच." हसून म्हणाल्या. मॅडम कधी ओरडत नाहीत. ओरडणं त्यांच्या घराण्यात नाही म्हणे. मग त्या आंघोळीला गेल्या आणि मी ओट्यापाशी उभी राहिले. तोंडात त्या चहाची चव तशीच होती. गिळू का थुंकू, कळेना.

हे चाकणला नाही झालं. जर्मनीत झालं. आमचा तिथला शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळच्या विमानानं दोघींना पुढं पोलंडला जायचं होतं. पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगसाठी कंपनीनं दोघींना मिळून एकच भाड्याचा फ्लॅट दिला होता. त्यात घरमालकिणीनं मोजून दिलेले सहा पांढरे कप. सगळे सारखे.

चाकणला कधी विचारलं नव्हतं, पण एका घरात राहायला आल्यावर पहिल्या दोन दिवसांत मॅडमनी मला विचारलं होतं, "तुझ्या आडनावावरून काही कळत नाही गं. मूळचे कुठले तुम्ही?"

हा प्रश्न कशासाठी असतो ते आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी सरळ सांगितलं, "चाकणजवळचेच आम्ही. मांगवाडा आमचा. आई दोर वळायची."

"अय्या, छान!" म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी एका कपाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचं टिंब आलं. एका ताटाला आलं. एका चमच्याच्या दांडीलाही आलं. "माझं पथ्याचं असतं ना," म्हणाल्या. कसलं आलंय पथ्य! दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये ह्याच बाई शेजारच्या ट्रेमध्ये गाय-डुक्कर शिजवून ठेवलेलं असताना सगळ्या दुनियेनं खाल्लेल्या ताटात सॅलड घेऊन खायच्या. जर्मनाच्या ताटाला विटाळ नव्हता. विटाळ फक्त माझ्या ओठांना. आणि गंमत ऐका, तो टिंबवाला कप रोज घासायचं कोण? मीच. घासायला माझे हात चालत होते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ विमानात बसून एवढा लांब आला, पीळ जसाच्या तसा.

पिळाचं मला कुणी सांगू नये. माझी आई घायपाताचे दोर वळायची. कासरे, दावी, नाडे. दोर पुरा झाला की डोळे मिटून त्याच्यावरून तळहात फिरवायची. एखाद्या जागी पीळ बारीक पडला असला की तिथंच हात थांबायचा. "हितं तुटंल," म्हणायची, आणि तेवढाच उकलून परत वळायची. मलाही तसंच शिकवलं. "डोळ्यांनी बघू नगं. डोळं खोटं बोलत्यात."

बाजारच्या दिवशी आम्ही चाकणला दोर घेऊन बसायचो. गिऱ्हाईक यायचं, आईला म्हणायचं, "खाली ठेव, मग घेतो." आई दोर धुळीत ठेवायची. मग तो उचलायचा, धूळ झटकायचा आणि घरी जाऊन आपल्या बैलाच्या गळ्यात बांधायचा. आईच्या हातचं दावं बैलाच्या गळ्यात चालायचं, त्याच बैलाला पोळ्याला ओवाळायचे. आईचा हात मात्र चालायचा नाही. तहान लागली तर बाजारातल्या हॉटेलाच्या पायरीखाली ओंजळ धरून उभं राहायचं आणि वरून तांब्यानं पाणी ओतायचे. मी आईच्या शेजारी माझी लहान ओंजळ धरून उभी असायचे. कोपरापर्यंत ओघळ यायचे. फ्रॉक भिजायचा.

पुढं कंपन्या आल्या. ज्यांची जमीन गेली त्यांच्या पोरांना आधी कामं मिळाली. आमची जमीन गेली नाही, कारण नव्हतीच. मी बारावी करून ठेकेदाराकडून पॅकिंगला लागले. गाड्यांचे दरवाजे पुसून कागदात गुंडाळायचे. पुसता पुसता माझा हात थांबायचा. मी सांगायचे, "इथं खड्डा आहे." सुपरवायझर म्हणायचा, "डोक्यावर पडलीस काय? दिसत तर नाही." मग तो पत्र्यावर तेलाचा दगड घासायचा. सगळीकडं बारीक ओरखडे उमटायचे, आणि मी म्हणलेल्या जागी कोरं राहायचं. खोलगट असलं की दगड पोचत नाही ना. असं चार-पाच वेळा झालं आणि मला क्वालिटीत घेतलं. बारा वर्षं झाली. पांढरे सुती हातमोजे घालून पत्र्यावरून तळहात फिरवायचा, हेच काम.

मॅडम आमच्या क्वालिटीच्या मुख्य. पुण्यातल्या. शिक्षण मोठं, इंग्रजी फाडफाड. पण हात बसलेला नाही. त्यात त्यांचा दोष नाही, सगळ्यांचा बसत नाही. दोष पुढचा. मी दरवाजा तपासून कडेला पेन्सिलीनं बारीक टिंब करायचं. मग मॅडम साहेबलोकांसमोर यायच्या, टिंब बघायच्या, तिथून सरळ आत हात न्यायच्या आणि म्हणायच्या, "हिअर." साहेब लोक वाहवा करायचे. आयत्या बिळावर नागोबा. चाकणला चार वर्षं हेच चाललं होतं, जर्मनीत पंधरा दिवस हेच चाललं.

मी का करत होते? खरं सांगते, मला त्यात मोठेपणा वाटायचा. मॅडमचं माझ्यावाचून अडतं, असं मी नवऱ्याला सांगायचे. जर्मनीला निघाले तेव्हा वाडीतली शंभर माणसं सोडायला आली होती. थू माझ्या त्या मोठेपणावर.

त्या सकाळी मॅडम आंघोळीत असताना मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि कप काढला. पहिल्यांदा मनात एवढंच होतं की कप घरमालकिणीचा आहे, एक कमी भरला तर आळ माझ्यावर येईल. धुतला. उलटा केला. बुडाला ते लाल टिंब. अंगठ्याच्या नखानं खरवडायला लागले. निघता निघेना, नख दुखलं. पण काढलं पार. पुसून बाकीच्या पाच कपांत ठेवला, त्यांच्या जागा हलवल्या, आणि मलाच कळेना त्यातला कुठला तो. कपाट लावलं.

आठ वाजता कारखान्यात. त्या दिवशी परीक्षा होती. क्लाउस म्हणून तिथला म्हातारा तपासनीस, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. त्यानं पाच दरवाजे मांडले होते. त्यातला एक मुद्दाम खराब ठेवलेला, कुठला ते त्याला एकट्यालाच ठाऊक. जो शोधेल त्याला सर्टिफिकेट, आणि ते हातात असलं की पोलंडच्या कारखान्यात माल पास करायचा हक्क त्याचा. यादीत नाव एकच होतं, मॅडमचं. मी सोबतीला. पोलंडला मी जाणारच होते, तिकीट होतं माझं. कोण म्हणून जाणार, एवढाच प्रश्न होता. तपासनीस म्हणून, का टिंबं करणारी आणि कप घासणारी म्हणून.

मॅडम कॉफी घेत होत्या. मी नेहमीसारखी पुसायच्या निमित्तानं आधी पुढं गेले. हातमोजे घातले, डोळे मिटले. पहिला दरवाजा साफ. दुसरा, तिसरा साफ. चौथ्यात दार उघडायच्या मुठीच्या खाली हात थांबला. बोटाच्या पेराएवढा खोलगटपणा, आईचा बारीक पडलेला पीळ जणू. सवयीनं खिशातली पेन्सिल काढली आणि कडेला टिंब केलं.

मग त्या टिंबाकडं बघत राहिले. सकाळी नखानं खरवडलेलं टिंब आणि हे टिंब. एक तिनं माझ्यासाठी केलेलं, एक मी तिच्यासाठी केलेलं. दोन्हींमुळं तीच वर आणि मीच खाली. नख अजून ठणकत होतं. मी हातमोज्यानं टिंब पुसून टाकलं आणि भिंतीला जाऊन उभी राहिले.

मॅडम आल्या. अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवल्या, हातमोजे चढवले, आणि सुरू झालं नाटक. दरवाजावरून हात फिरतोय पण नजर कडेला. पहिल्याची कड बघितली, दुसऱ्याची बघितली, अशा पाचही बघितल्या. परत पहिल्यापासून. क्लाउस हाताची घडी घालून बघत होता. मॅडम माझ्याजवळ सरकल्या, तोंडावर हसू ठेवून मराठीत म्हणाल्या, "टिंब कुठंय?"

"पुसलं."

"मूर्ख आहेस का? कुठला ते सांग पटकन."

"हात फिरवा मॅडम. सापडेल."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचं हसू गेलं. क्लाउसनं विचारलं काय चाललंय. मॅडम त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "ती नुसती माझी हेल्पर आहे. तिला यातलं काही कळत नाही." एवढं इंग्रजी मला कळतं. मग त्यांनी दुसऱ्या दरवाजावर बोट ठेवलं. क्लाउसनं मान हलवली. नाही.

मी पुढं झाले. म्हणलं, "आय फाइंड. एव्हरी डे आय फाइंड." डोळे मिटले. घाई केली नाही, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नीट हात फिरवत गेले आणि मुठीखाली थांबले. क्लाउसनं दगड आणला आणि घासला. ओरखडे उमटले, मधोमध कोरं राहिलं. तिथं उभी असलेली सगळी माणसं मॅडमकडं बघायला लागली.

आता तुम्हाला वाटेल क्लाउसनं मला सर्टिफिकेट दिलं. अहो, कुठलं? त्यानं छापील कागद दाखवला, त्यावर मॅडमचं नाव आधीच होतं. म्हणाला, नाव तुमच्या कंपनीनं पाठवलंय, मी बदलू शकत नाही. कागदावर सही न करता तो खणात टाकला आणि खांदे उडवले. माणूस चांगला होता. पण खांदे उडवायला चांगल्या माणसाचं काय जातं?

टॅक्सीत मॅडम बोलल्या. "पासपोर्टपासून सगळं केलं तुझं. तुम्हा लोकांना वर आणायचं म्हणजे हेच पदरात पडतं."

मी म्हणलं, "मला वर कुणी आणलं नाही. मी रोज तुम्हाला वर काढत होते."

"तुझं पुढचं तिकीट रद्द करते मी. इथूनच परत जा."

"करा."

फ्लॅटवर सामान घ्यायला आलो. मॅडमनी चहाला आधण ठेवलं, कपाट उघडलं आणि थांबल्या. सहा कप. एक काढून उलटा केला, मग दुसरा, असे सहाही उलटे करून बघितले. कुठंच टिंब नाही.

"कुठला?" म्हणाल्या.

"कशाचा कुठला?"

"अगं, तो… सकाळचा."

"मला काय माहीत? सगळे सारखेच आहेत."

मॅडमनी गॅस बंद केला. घसा कोरडा पडला असणार, दिवसभर बोलल्या होत्या. नळ सोडला आणि एवढी मोठी बाई, दोन डिग्र्यांची, सिंकवर वाकून ओंजळीनं पाणी प्यायली. सगळे ओघळ कोपरापर्यंत आले. रेशमी बाही भिजली. मी दारात बॅग धरून उभी होते आणि मला जराही दया आली नाही. आजही येत नाही. माझ्या आईला दुसऱ्यांनी ओंजळ धरायला लावली. हिनं स्वतःहून धरली, समोर सहा स्वच्छ कप असताना.

मॅडम सर्टिफिकेटाशिवायच एकट्या पोलंडला गेल्या, मी चाकणला आले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कशाला नडलीस गं? नोकरी हाय, लेकरं हायत." मला राग आला, पण तिच्यावर नाही. जन्मभर दोर धुळीत ठेवणारी बाई दुसरं काय बोलणार? मी म्हणलं, "आये, तू ठेवलास. मी न्हाई ठेवणार."

कंपनीनं मला परत पॅकिंगला टाकलं. शिस्तभंग म्हणे. तिथं मी दरवाजे गुंडाळते. हात अजून थांबतो, जिथं थांबायचा तिथं. मी मुकाट्यानं कागद गुंडाळते. मागच्या महिन्यापासून माल परत यायला लागला, तसं पोलंडहून परतलेल्या मॅडमनी सुपरवायझरला माझ्याकडं पाठवलं. तो म्हणाला, "ताई, जरा येऊन तेवढी टिंबं करून जा की. मॅडमनी बोलावलंय."

मी हातमोजे काढून त्याच्या हातात दिले. सांगितलं, मॅडमना म्हणावं तपासणीच्या कागदावर 'तपासणार' लिहिलंय, तिथं आधी माझं पूर्ण नाव घाला, आडनावासकट. तुम्हाला कळत नव्हतं ना, त्याच आडनावासकट. मग मी हात लावीन. तोवर पत्रा तुमचा, खड्डे तुमचे.

मी पुढचा दरवाजा गुंडाळायला घेतला.