आण्णा, पेपर आणि आमची तीन मिनिटं

आमची फिल्म असते जेमतेम तीन मिनिटांची. पण ती करताना जो वैताग होतो, तो सांगायला बसलो तर दोन चहा संपतात आणि वर भजी मागवावी लागतात. लोक फिल्म विसरतात, किस्से मात्र "परत सांग की" म्हणून मागतात. मला याचा राग येतो, पण सांगतोही मीच!

आम्ही सांगलीतले तिघं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, संतोष लग्नांचं शूटिंग करतो, आणि वैशाली लॅबमध्ये रक्त तपासते आणि सुट्टीच्या दिवशी ॲनिमेशन करते. घरातल्या, गल्लीतल्या साध्यासुध्या गोष्टींच्या फिल्म करायच्या, एवढाच आमचा नाद. कुणी स्कूटरला किक मारून मारून दमलंय, असलं काहीतरी.

या वेळची फिल्म माझ्या वडिलांची होती. आण्णा फौजेतून रिटायर झालेले. रोज सकाळी ते मोठ्यानं पेपर वाचतात आणि आई स्वयंपाकघरातून प्रत्येक बातमीला उलट उत्तर देते. हळदीचा भाव, कुणाचं निधन, कुणाचा वाढदिवस, काही सुटत नाही. त्यात आण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर महिनाभर बोलायचं नाही. पुढं आवाज येईल, पण हाच येईल असं सांगता येत नाही." ऑपरेशनला पाच आठवडे होते. मला तो पेपर आणि ते भांडण आण्णांच्या आवाजात हवं होतं. फक्त तीन मिनिटं!

*

पहिल्या दिवशी कॅमेरा लावला. आण्णा उठून आत गेले ते कोट घालून, मेडलं लावून बाहेर आले आणि भिंतीपाशी सावधानमध्ये उभे राहिले. नंबर, हुद्दा, नाव, गाव सांगितलं आणि गप्प.

"आण्णा, नुसता पेपर वाचा हो. रोजच्यासारखा."

मग त्यांनी रेडिओवरच्या बातम्यांसारखा सगळा अग्रलेख वाचून काढला. मी आशेनं आईकडं बघितलं. ती नवी साडी नेसून, मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसलेली.

"आई, बोल की काहीतरी!"

"आरं, शूटिंग चालू हाय न्हवं? मधी कसं बोलायचं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांना पुरतं बोलू दिलं, ते नेमकं त्या दिवशी!

*

मग ठरलं, लपून शूट करायचं. संतोष सकाळी सातपासून खिडकीबाहेर जास्वंदीच्या मागं उभा राहिला. आत दोघांचं नेहमीसारखं झकास जुंपलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिसळ खायला घातली.

"एडिट करूनच देतो," तो म्हणाला.

दिली. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, एका बदामातून आण्णा येतायत, दुसऱ्यातून आई, आणि मागं सनई.

"अरे, आवाज कुठाय त्यांचा?"

"त्यो काढला की. लग्नात मागनं लय कालवा आसतोय. पयला आवाजच उडवायचा आसतोय गड्या."

"आणि ओरिजिनल?"

"कार्ड पुसलं. दुसऱ्या दिवशी साखरपुडा हुता."

मिसळीचं मला अजून वाईट वाटतं.

*

कवठे महांकाळला आण्णांची बहीण राहते, आमची आत्या. बेदाणे निवडायला बसले की दोघं लहानपणापासूनची भांडणं उकरून काढतात. तिथं आण्णा नक्की मोकळे होतील म्हणून त्यांना घेऊन गेलो. मी फोनवर आत्याला दहादा बजावलं होतं, "काही करू नकोस. रोजचंच पाहिजे."

दारात रांगोळी होती. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं जमलेली. आण्णांना फेटा बांधला, मला आणि संतोषला टॉवेल-टोपी-नारळ, वैशालीची ओटी भरली. सगळं संपल्यावर मी विचारलं, "आत्या, बेदाणे कुठायत?"

"त्ये व्हय? कालच निवडून खोक्यात भरून ठिवलं. शूटिंगची मानसं यायची, आन् घरात पसारा?"

आण्णा फेट्याखाली पुन्हा सावधान!

*

वैशाली म्हणाली, "चित्र मी करते, तू फक्त आवाज मिळव." तिनं आमच्या जेवणाच्या टेबलावर हळकुंडांची माणसं मांडली. आण्णा म्हणजे कागदी चष्मा लावलेलं एक लांब हळकुंड. जरा हलवायचं, फोटो काढायचा, परत जरा हलवायचं. चार तासांत आण्णांनी पेपरचं एक पान उलटलं.

चहाला बाहेर गेलो आणि परत आलो तर टेबलावर नुसता चष्मा.

"शेजारी लग्नाच्या मुहूर्ताला हळकुंड पायजे हुतं," आई म्हणाली. "बरं दिसलं त्ये दिलं."

आण्णा शेजारच्या लग्नात! ते परत मागायची सोय नव्हती. दुसरं हळकुंड घेतलं, म्हणून त्या फिल्ममध्ये पान उलटताना आण्णा एकदम जाड होतात.

*

ऑपरेशनच्या चार दिवस आधी खंडाळ्याला वैशालीच्या मामांनी आमच्या एका जुन्या फिल्मचा कार्यक्रम ठेवला. आण्णांनाही बरोबर नेलं. चाळीस मिनिटं भाषणं, मग तीन मिनिटं फिल्म. दिवे लागले. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "झाल्या व्हय जाहिराती? आता पिक्चर कवा लावताय?"

वेळ भरून काढायला मामांनी आण्णांच्या हातात माईक दिला. आणि काय सांगू! आण्णा खुलले. पेपर कसा वाचतो, आई आतून काय म्हणते, सगळं दोघांच्या ढंगात, खोकत, हसत. हॉल नुसता लोळत होता. मला हवं होतं ते अगदी तेच, तीन नाही, वीस मिनिटं! डोळ्यात पाणी आलं माझ्या. वळून बघितलं तर संतोष मागं बसून वडापाव खात होता. कॅमेरा बॅगेत.

"भाषान हुतं रं," तो म्हणाला. "भाषनं मी कवाच घेत न्हाई."

त्यानंतर मी त्याच्याशी नऊ दिवस बोललो नाही.

*

ऑपरेशन नीट झालं. आण्णा घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात माझ्या लहानपणीची पाटी घेऊन. सकाळी पेपर यायचा, ते मनात वाचायचे. आतून आई भांडी जरा जास्तच आपटायची.

वैशालीचं काम पुरं झालं होतं. हळकुंडाचे आण्णा, हळकुंडाची आई, पेपर, सगळं हलत होतं, पण मुकं. मी म्हणालो, "राहू दे आता ही फिल्म."

आई हात पुसत बाहेर आली. "मी बोलते की," म्हणाली. "दोघांचंबी."

संतोषनं या वेळी दोन माईक लावले आणि दोनदा तपासले. आईनं एकदाही न थांबता सगळं म्हटलं. तो मोठा आवाज, वाक्य संपताना घसा खाकरणं, "आगं, ऐकतीस का?" आणि त्याला तिचं स्वतःचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लावली. आण्णांनी ताठ बसून पुरी बघितली. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "मी असं बोलत नाही."

"आसंच बोलता," आई म्हणाली.

आण्णांनी बाहीनं पाटी पुसली आणि लिहून माझ्यापुढं धरली.

"परत लाव."