जंतूंचे हमाल कमी पडले

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट महिन्याकाठी एखादा लागतो, किस्से मात्र रोज घडतात! अलिबागजवळच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. सगळे सांगत बसलो तर चहा थंड होईल, म्हणून फक्त सायलीच्या कालवांचा सांगतो.

*

कालव खडकाला चिकटून बसतं ते एका प्रथिनामुळे. सायलीने पीएचडीसाठी त्या प्रथिनाचा जीन काढून जंतूंमध्ये घातला. आता जंतूंनी ते प्रथिन बनवायचं, एवढंच.

कालवं आणायला आम्ही रेवदंड्याला गेलो होतो, तेव्हा खडकावर कालवं फोडणाऱ्या मावशींना तिने हे सगळं समजावलं. मावशी म्हणाल्या, "हितं येवढी कालवं हायत, नि तू जंतूंकडून करून घेतेस? हात तरी धुतात का गो ते?"

*

जंतूंनी प्रथिन बनवलं, पण अर्धंच. दर वेळी अर्धंच!

सायलीचे गाइड, म्हणजे आमचे सर, फळ्यापाशी गेले. "प्रथिन म्हणजे माळ. मणी आणून देणारे हमाल म्हणजे टीआरएनए. कालवाच्या जीनला एक मणी सारखा लागतो आणि आपल्या जंतूंकडे त्याच मण्याचे हमाल मोजके. हमाल येईना, की माळ अर्ध्यातच सुटते."

मी विचारलं, "सर, युनियन आहे का त्यांची?"

सर हसले नाहीत. सायली तर रडायच्या बेताला आली होती. पुढच्या महिन्यात पीएचडीचं काम तपासणारी कमिटी बसणार होती, तोपर्यंत पूर्ण प्रथिन दिसलं नाही, तर विषय बदलावा लागणार होता. दोन वर्षांचं काम पाण्यात!

*

मग जादा टीआरएनए असलेले खास जंतू मागवले. कुरिअरवाल्याने खोका कानाला लावला. "जिवंत हायत म्हनता? आवाज तर न्हाय येत!"

सायलीने त्याच दिवशी सगळ्यांना नारळाच्या वड्या वाटल्या. आणि प्रथिन? परत अर्धंच!

*

चूक माझी होती. या जंतूंना जादा टीआरएनएचे जीन सांभाळायचा कंटाळा. एक खास औषध घातलं तरच सांभाळतात, नाहीतर ओझं टाकून मोकळे! मी सवयीने नेहमीचंच औषध घातलं, हे दुसरं विसरलो.

सायलीला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने फ्लास्क माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "काका, सरांना सांगू नका. फ्लास्क धुवा."

दोन्ही औषधं घालून पुन्हा सगळं केलं, आणि कमिटीच्या आदल्या दुपारी प्रथिनं तपासायच्या जेलवर पूर्ण प्रथिनाचा निळा पट्टा उमटला. ठसठशीत! आम्ही दोघं लॅबभर नाचलो!

*

कमिटीतल्या मॅडमनी अर्ध्या आणि पूर्ण प्रथिनाच्या पट्ट्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. "जंतू तेच, जीन तोच. मग आधी अर्धं का?"

चहा द्यायला आलेला मी ट्रे घेऊन तिथेच थांबलो.

सायली म्हणाली, "मुद्दाम, मॅडम! जादा टीआरएनए गेले की प्रथिन अर्ध्यात अडकतं, हे दाखवायला नको?"

मॅडम एकदम खूश. "वा! काय डिझाइन आहे! कल्पना कुणाची?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

तेवढ्यात सर घसा साफ करत उठले. "माझीच!"