मास्तर शेवटी काय बोलले

मास्तर गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने सकाळी केला. "शेवटी काही बोलले का रे?" हेच मी आधी विचारलं. "न्हाई अक्का. पहाटे झोपेतच गेले. शांत." मी फोन ठेवला आणि मी नोकरी करते त्या शाळेच्या ग्रंथालयात कपाटाला टेकून उभी राहिले. आदल्या दुपारी कलबुर्गीच्या दवाखान्यात ते माझ्याशी जे बोलले होते, ते आता माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं...

शमुवेल मास्तर दर शनिवारी आळंदच्या चर्चमागच्या खोलीत वर्ग घ्यायचे. आसपासच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल शिकवणाऱ्या शिक्षकांचा हा वर्ग. शेती, शिवणकाम सांभाळून येणारी सहा-सात माणसं. धर्मशास्त्र शिकलेले मास्तर मोठ्या शहरात राहू शकले असते, पण ते गावी परतले. "देवाचं वचन सांगायला शिक्षण कशाला? आत्मा सांगतोय की," असं मंडळीत कोणी म्हणालं की ते हसून विचारायचे, "आणि तू चुकीचं सांगितलास, तर त्याचा दोष बी आत्म्यालाच लावायचा व्हय?" मला धर्मशास्त्र शिकायला त्यांनीच पाठवलं. शिकून परतले तेव्हा माझ्याकडे सगळ्याचीच उत्तरं होती.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला शिकवायला उभं केलं आणि स्वतः डोक्याला टॉवेल गुंडाळून मागे जाऊन बसले. ही त्यांची रीतच होती. नव्या शिक्षकाने शिकवायचं आणि मास्तरांनी खेड्यातला म्हातारा होऊन त्याला अडवायचं. सगळी मुलं दगावलेल्या आणि पुढे देवाने पुन्हा मुलं दिलेल्या बापाची बायबलमधली गोष्ट मी सांगत होते. म्हातारा उठला. "बाई, नवी पोरं झाली म्हणून मेलेली परत आली का?" मी एक चांगलं, अभ्यासाचं उत्तर दिलं. "ते तुज्या पुस्तकातलं झालं. माजं पोरगं गेलंय, मला सांग." मी दुसरं उत्तर दिलं, मग तिसरं. वर्ग हसायला लागला. शेवटी टॉवेल काढून मास्तर म्हणाले, "सुवार्ता, दुखणाऱ्या माणसाला उत्तर फेकून मारू नगं. ठावं नसलं तर न्हाई ठावं म्हण." पुढे त्यांची मदतनीस म्हणून मी हेच इतरांना शिकवत आले.

आणि दवाखान्यातल्या त्या दुपारी... मास्तरांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "सुवार्ता, लई भ्याव वाटायलंय गं." मी घाईघाईने एक स्तोत्र म्हणायला लागले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाठ हाय मला ते. तुला भ्याव वाटत न्हाई?"

"नाही मास्तर," मी म्हटलं. खोटं. त्यांनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बसची वेळ झाली म्हणून मी उठले.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, मास्तर निर्भयपणे, हसतमुखाने प्रभूकडे गेले. लोकांनी डोळे पुसले. मीही सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटलं.

पाच आठवड्यांनी वर्ग पुन्हा भरला. आता तो माझ्यावर सोपवलेला. मुडबीच्या शांताबाईंनी वही उघडली. "अक्का, तुमी आदल्या दिशी गेल्ता न्हवं? मास्तर शेवटी काय बोलले? गावात सगळीच इचारायलीत." सगळ्यांनी लिहून घ्यायला पेन हातात धरलेलं. ज्यांनी विश्वास शिकवला तेच मरणाला भ्याले, हे ऐकून ही माणसं गावोगाव काय सांगणार? यांचा स्वतःचा विश्वास तरी टिकेल का? आणि नाही सांगितलं, तर त्यांच्याच खोलीत उभं राहून वर्ग हाती आल्यावरचा माझा पहिलाच धडा खोटा होणार होता.

मी सांगितलं. घाईने म्हटलेलं स्तोत्र, माझं ते 'नाही', सगळं.

मादन हिप्परग्याचे येसुदासअण्णा, वर्गातले सगळ्यांत वडीलधारे, उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "हे भाईर जायला नगं अक्का. लोकं काय म्हणतील?"

शांताबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. "मास्तर बी भ्याले व्हय?"

"व्हय."

"माजी आई मरताना वरडायली हुती, अक्का. लई भ्याली हुती. शेजारी ऐकतील, इस्वास कच्चा म्हणतील, म्हणून मी तिच्या तोंडावर हात ठिवला." त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "तशीच गेली."

वर्ग अजून त्याच खोलीत भरतो. हे छापून आल्यावर पाळक विचारतील, मास्तरांचा मुलगा विचारेल, याची मला धास्ती आहे. पण त्या शनिवारी शांताबाई मोठमोठ्याने रडल्या. आवाज बंद दारातून बाजाराच्या रस्त्यावर जात होता, येसुदासअण्णा दाराशीच उभे होते, आणि शांताबाईंना गप म्हणायला आमच्यातलं कोणीही उठलं नाही.