बुटातला कापूस

पुतणीच्या टाचेवरचा फोड मी पहिल्यांदा नीट पाहिला तो वलगावला मोठ्या भावाच्या घरी, डिसेंबरातल्या एका सकाळी. उजव्या पायाला, टाचेच्या मागच्या बाजूला, बोराएवढा. ती नुकतीच धावून आली होती. मोजा चामडीला चिकटला होता आणि ती तो हळूहळू सोलत होती.

ती अमरावतीत पोलीस शिपाई आहे. तिला कमांडो प्रशिक्षणाला जायचं होतं. त्याच्या निवडचाचणीत पाठीवर वजन आणि पायात कातडी बूट घालून दहा किलोमीटर धावायचं असे. साध्या धावण्याच्या बुटांत ती हे अंतर वेळेच्या बरंच आधी संपवायची. आदल्या वर्षी मात्र सातव्या किलोमीटरनंतर तिच्याच्यानं धावणं झालं नाही. ती लंगडत चालत आली आणि बाद झाली. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. चाचणीला दोन महिने उरले होते.

वर्तमानपत्रात असताना भरतीच्या मैदानांवर मी अनेकदा गेलो होतो. उमेदवार किती आले, पात्र किती ठरले, एवढं विचारायचं आणि परतायचं. पायांबद्दल कुणाला काही विचारल्याचं आठवत नाही. आता प्रश्न पडला : तेच पाय, तोच रस्ता, मग बुटांतच फोड का, आणि दर वेळी तिथेच का?

पुढच्या रविवारी मी स्कूटरवर तिच्या मागे निघालो. दर दोन किलोमीटरला तिला थांबवायचं, बूट काढायला लावायचे, दिसेल ते वहीत लिहायचं.

"काका, मी आरोपी हाये का?" ती दुसऱ्या थांब्यावर म्हणाली. "पंचनामा करून राहिले तुमी माह्या पायाचा."

नोंदी अशा होत्या. दोन किलोमीटर : टाच ओली, कातडी पांढुरकी आणि मऊ. चार : त्याच जागी लाल ठिपका. सहा : जळजळ. म्हणजे फोड यायच्या बरंच आधी पाय भिजत होता. बूट उलटा केला तेव्हा आतून कापसाचा एक ओला बोळा पडला.

भावाची शेती कापसाची. वेचणी झाली की घरातली एक खोली छतापर्यंत भरते. त्यातला कापूस घेऊन वहिनी हातानं सरकी काढत, त्याची चपटी गादी करत आणि लेकीच्या बुटात टाचेशी बसवत. वर जाड सुती मोजे. आदल्या वर्षीच्या चाचणीलाही असंच केलं होतं. धावायला लागल्यावर गादी घाम पिऊन गोळा होत होती आणि सरकत सरकत घोट्याखाली जात होती.

फोडाचं कारण कापूस असावा, असं मी जेवताना म्हणालो. भावानं भाकरी तोडायची थांबवली.

"कापसानं कोनाले फोड आला, आयकलं कधी? लेकराले न्हाऊ घातलं का कानात कापूस. मुडद्याच्या नाकात कापूस. अन् तू सांगतं कापूस लागते."

"लागतो असं नाही म्हणत मी. ओला राहतो."

"पेपरात छापून आलं काय?"

वहिनींनी माझ्या ताटात आणखी वरण वाढलं.

छापून आलेलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला. तिचा एक सुती मोजा आणि एक पातळ नायलॉनचा, दोन्ही बादलीत बुडवले, सारखेच पिळले आणि अंगणातल्या दोरीवर शेजारी शेजारी टाकले. जेवणं होईपर्यंत नायलॉनचा वाळला. सुती मोजा चार वाजता दाबला तेव्हाही हाताला ओल लागली. भाऊ जाता-येता दोरीकडे पाहत होता.

चांदूर रेल्वेला एक निवृत्त हवालदार राहतात. सैन्यातली सगळी वर्षं पायदळात गेलेली. पुतणीला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी बूट मागितले आणि उजेडात धरले.

"यात तं तोंड दिसते," ते म्हणाले. "परेडचे होत ना हे? फक्त पालिश करून ठेवतं. धावाचे बूट येगळे असतात पोरी. ते पायानं मोडलेले असतात." मग आत हात घालून त्यांनी गादी बाहेर काढली. "हे काय होय?"

"कापूस."

"तू धावाले चालली का गादी भराले?"

ती हसली नाही. "आईनं देल्ला," म्हणाली.

हवालदारांनी गादी बाजूला नीट ठेवली आणि मग आवाज उतरवून बोलले. पाय बुटात हलला की घासतो, ओला असला की जास्त घासतो. हे दोनच शत्रू. मोजे दोन घालायचे, आत पातळ नायलॉनचा, वर लोकरीचा, म्हणजे घासायचं ते मोज्याला मोजा घासतो. बोटांच्या मधे व्हॅसलीन. टाचेवर मेडिकलमध्ये मिळते ती पांढरी चिकटपट्टी, धावायच्या आधी, कोरड्या कातडीवर, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरा मोज्यात अडकतो आणि उचलला जातो. घोट्याच्या वळणावर नाडीला एक गाठ, म्हणजे टाच वर उचलत नाही आणि बोटं आवळली जात नाहीत. मी सगळं लिहून घेत होतो.

"अन् जळजळ लागली का थांबाचं," ते म्हणाले. "तिथंच बसाचं, पाय पाहाचा, पट्टी लावाची."

"बाकीच्या पोरी पुढं गेल्या तं?"

"जाऊ दे ना. त्या जिथं चालल्या, तिथंच तुले जाचं हाये."

पुढचे सहा आठवडे तिनं तेच बूट सुटीच्या दिवशी घरात दिवसभर वापरले. पाणी भरताना, कपडे वाळत घालताना. घोट्याजवळच्या कातड्याला घड्या पडल्या. फोड एकदा आला, छोटा, मग आला नाही. तरीही बुटांत, वजनासकट पूर्ण दहा किलोमीटर ती एकदाच धावली होती. त्यामुळे चाचणीच्या दिवशी काय होईल हे आम्हाला खरोखर माहीत नव्हतं.

चाचणी अकोल्याबाहेरच्या एका रस्त्यावर होती, पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्या. भाऊ न सांगता आला. आम्ही दोघं वळणावरच्या कुंपणाशी उभे राहिलो. पहिल्या फेरीत ती मधल्या घोळक्यात होती. दुसऱ्या फेरीत, वळणाच्या थोडं अलीकडे, ती रस्त्याच्या कडेला झाली आणि एका दगडावर बसली.

"बसली!" भाऊ म्हणाला. "बाप्पा, बसली ते. गेलं सगळं."

तिनं डावा बूट काढला. डावा, त्या पायाचं माझ्या वहीत फारसं काही नव्हतं. खिशातून पट्टी काढून तिनं करंगळीला गुंडाळली आणि मोजे चढवले. नाडीची गाठ तिनं घाई न करता बांधली. तेवढ्यात चौघी तिच्यापुढे गेल्या. भाऊ घड्याळ पाहत नव्हता, मी पाहत होतो. दीड मिनिट गेलं होतं. ती उठली तेव्हा पहिली काही पावलं जपून टाकली, मग वेग धरला आणि वळणाआड गेली.

शेवटच्या रेषेपर्यंत आम्ही भराभर चालत गेलो. ती पोचली तेव्हा वेळ संपायला चाळीस सेकंद उरले होते. पुढे गेलेल्या चौघींपैकी दोघी तिच्या मागे होत्या. त्यातली एक लंगडत होती. अर्ध्या तासानं साहेबांनी नावं वाचली. तिचं नाव त्यात होतं.

ती कुंपणाबाहेर येऊन खाली बसली. भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं उजव्या बुटाची नाडी सोडायला घेतली. "राहू द्या ना बाबा," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. त्यानं दोन्ही मोजे उतरवले, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि टाच तळहातावर धरून ठेवली. विकायला नेण्याआधी कापसाच्या ढिगात हात खुपसून तो ओल पाहतो, तेवढाच वेळ.

"कोरडा हाये," तो म्हणाला. मग आतला पातळ मोजा हातात घेऊन ताणून पाहिला. "हे कायचं असते?"

ती त्याला सांगू लागली.